पेरूच्या जागी पुन्हा पेरू? आधी बेवड विचारा



मृग तोंडावर आलाय आणि आमच्या घरात आठ दिवस झाले एकच वाद चालू आहे. वाद बत्तीस गुंठ्यांचा. २०१३ ला तिथं पेरू लावला होता. सहा-सात वर्षं चांगला चालला. २०२१ पासून एकेक झाड वरून पिवळं पडायला लागलं, पानं गळायची आणि महिन्या-दोन महिन्यांत झाड उभ्या उभ्या वाळायचं. औषधं ओतली, आळ्या केल्या, खतं वाढवली. काही फरक पडला नाही. या उन्हाळ्यात उरलीसुरली खोडं जेसीबीने काढली.

आता धाकटा म्हणतो, "दादा, ड्रीप आहे, पाणी आहे, राहात्याच्या पेरूला गिऱ्हाईक आहे. परत पेरूच लावू. या वेळी जवळ जवळ लावू, झाडं वाढतील तेवढं उत्पन्न."

मी नाही म्हणतोय. का म्हणतोय ते त्याला घरात बसून नीट सांगता आलं नाही, म्हणून इथं सगळ्यांसमोर लिहितोय. तुमच्यापैकी बऱ्याच जणांच्या रानात हाच प्रश्न असणार. पेरू नसेल तर डाळिंब असेल, हरभरा असेल, कांदा असेल.

खोडं काढली त्या दिवशी मी मुळं धुऊन बघितली. बोटाएवढ्या मुळांवर गाठीच गाठी. काही ठिकाणी मूळ जपमाळेसारखं दिसत होतं. बारीक पांढरी मुळी, जी खरं तर पाणी आणि अन्न घेते, ती जवळपास नव्हतीच. वरून आम्ही ड्रीपने खत सोडत होतो आणि खाली खायला तोंडच राहिलं नव्हतं.

या गाठी सूत्रकृमीच्या. डोळ्याला न दिसणारा बारीक जंत, तो मुळात शिरतो आणि मुळाला फुगवून तिथंच राहतो. त्यानं पाडलेल्या जखमांतून मर रोगाची बुरशी आत जाते. दोघं मिळून झाड संपवतात. पेरूला त्रास देणारी सूत्रकृमीची एक जात तर अशी आहे की इतर सूत्रकृमींना दाद न देणारे टोमॅटोचे वाणही तिच्यापुढं टिकत नाहीत.

आता आमच्या रानात ती आली कुठून? रोपं एका नर्सरीतून आणली होती, बहुतेक पिशवीतल्या मातीतूनच आली असावी. पण नर्सरीला दोष देऊन मी मोकळा होणार नाही. एकही पिशवी फोडून मुळं बघायचं मला सुचलं नाही, ही चूक माझी. दुसरी चूक त्याहून मोठी. बाग लहान होती तेव्हा पहिली दोन वर्षं आम्ही मधल्या पट्ट्यात टोमॅटो आणि वांगी घेतली. पैसे झाले. पण टोमॅटो आणि वांगं ही सूत्रकृमीची आवडती पिकं. म्हणजे पाहुणा आला आणि आम्हीच त्याला दोन वर्षं पंगत वाढली.

आमचे आप्पा असते तर असं झालं नसतं, असं मला वाटतं. आप्पा शिकलेले नव्हते, पण दुसऱ्याचं रान निम्म्याने किंवा खंडाने घ्यायची वेळ आली की पहिला प्रश्न विचारायचे, "बेवड कशाचा आहे?" पाणी किती, वाट आहे का, बांध कुणाचा, हे सगळं नंतर.

बेवड म्हणजे मागच्या पिकाने जमिनीत सोडलेला गुण. हरभऱ्याचा बेवड चांगला, तागाचा बेवड चांगला, अमक्यावर तमकं घेऊ नये, हे सगळं त्या एका शब्दात यायचं. आज मी लोकांना विचारतो तर नवीन पोरांना शब्दच माहीत नाही. आणि नेमकी हीच गोष्ट जगभरचे शास्त्रज्ञ गेली तीस-पस्तीस वर्षं जोरात अभ्यासतायत: झाड आपल्या मुळाजवळची जीवसृष्टी बदलतं आणि ती बदललेली जीवसृष्टी पुढच्या झाडाचं नशीब ठरवते. त्यासाठी आपल्याकडे शब्द आधीपासून होता. आपण तो वापरायचा सोडला.

हे खाली चालतं कसं, ते थोडं बघू.

पान उन्हात साखर बनवतं. ती सगळी फळात किंवा दाण्यात जात नाही. तिचा चांगला मोठा वाटा मुळांकडे जातो आणि त्यातला काही भाग मुळं बाहेर मातीत सोडतात. साखर, आम्लं, आणखी बरीच द्रव्यं. ही गळती समजू नका, ही झाडाची मजुरी आहे. या खाण्यावर मुळाच्या अवतीभवती लाखोंनी जिवाणू आणि बुरशी जमतात. मुळाभोवतीच्या या पातळ थराला हिल्टनर नावाच्या जर्मन शास्त्रज्ञाने १९०४ मध्ये वेगळं नाव दिलं, कारण तिथलं जग बाकीच्या मातीपेक्षा वेगळं असतं. आणि प्रत्येक पिकाची मजुरी वेगळी, म्हणून प्रत्येक पिकाकडे येणारे मजूरही वेगळे.

हरभऱ्याचंच घ्या. हरभऱ्याच्या पानावर आंब असते हे आपण सगळे जाणतो, सकाळी रानातून गेलं की पाय चुरचुरतात. तसंच आम्ल त्याची मुळंही खाली सोडतात. आपली जमीन काळी, चुनखडीची. त्यात स्फुरद टाकला की त्यातला बराचसा चुन्याला बांधला जातो आणि पिकाला मिळत नाही. हरभऱ्याच्या मुळातलं आम्ल तो बांधलेला स्फुरद सोडवतं. लाल मातीत स्फुरद लोहाला बांधलेला असतो, तिथं तुरीची मुळं वेगळं आम्ल सोडून तो मोकळा करतात. तुरीचं हे काम हैदराबादजवळच्या इक्रिसॅट संस्थेत झालं आणि १९९० मध्ये प्रसिद्ध झालं. म्हणजे आप्पा म्हणायचे तो हरभऱ्याचा चांगला बेवड नुसता नत्राचा नव्हता.

नत्राचीही गंमत आहे. हरभऱ्याचं मूळ मातीत एक द्रव्य सोडून रायझोबियम जिवाणूला हाक मारतं. जिवाणू उत्तर देतो, मग मूळ त्याला आत घेतं आणि गाठ बनते. पण हाक सगळ्यांना ऐकू जात नाही. सोयाबीनचा रायझोबियम वेगळा, हरभऱ्याचा वेगळा. सोयाबीनचं उरलेलं पाकीट हरभऱ्याला चोळणारे मी बघितलेत. पैसे वाया. पाकीट घेताना पिकाचं नाव वाचा.

तिसरा मजूर म्हणजे मुळाला जोडून राहणारी चांगली बुरशी, मायकोरायझा. तिचे धागे मुळापेक्षा कितीतरी लांब जातात, स्फुरद आणि जस्त आणून देतात, बदल्यात साखर घेतात. कांद्याला हिची फार गरज, कारण कांद्याची मुळं जाड, उथळ आणि त्यांना केसमुळं अगदी कमी. पण कोबी, फ्लॉवर, मोहरी या घराण्याची पिकं या बुरशीला जवळ करत नाहीत. म्हणून फ्लॉवरवर कांदा घेतला तर कांद्याला बुरशी कमी भेटते आणि पहिले काही आठवडे तो ओढ खातो. आपण म्हणतो बियाणं खराब होतं. दरवेळी बियाणंच खराब नसतं.

आणि या हाकेचा गैरफायदा घेणारेही आहेत. ज्वारीत, कधी उसात येणारा टारफुला तुम्हाला माहीत आहे. त्याचं बी मातीत वर्षानुवर्षं झोपून राहतं आणि यजमानाचं मूळ जवळ आलं की मगच उगवतं. त्याला कळतं कसं? बी उगवायला लावणारं द्रव्य १९६६ मध्ये कापसाच्या मुळातून मिळालं. झाड असलं द्रव्य का सोडतं हे पुढची जवळजवळ चाळीस वर्षं कोडंच होतं. २००५ मध्ये कळलं की त्याच जातीच्या द्रव्यांनी झाड मायकोरायझा बुरशीला बोलावतं. म्हणजे ज्वारी मित्राला हाक मारते आणि ती चोर ऐकतो.

आता वाईट बेवडाकडे येऊ, कारण आमचा वाद तिथंच आहे.

एकच पीक एकाच जागी राहिलं की त्याचे मित्र वाढतात तसे शत्रूही वाढतात, आणि बहुतेक वेळा शत्रूंचा वेग जास्त असतो. हरभऱ्याच्या मर रोगाची बुरशी हरभरा नसतानाही मातीत सहा वर्षांपर्यंत तग धरते. एक वर्ष गहू घेऊन फेरपालट झाली असं समजू नका. राहुरीच्या विद्यापीठाने विजय, दिग्विजय असे मरीला तोंड देणारे वाण दिले म्हणून आपला हरभरा चालू आहे. वाणाने आपली चूक झाकली, मिटवली नाही.

हे फक्त शेतात होतं असंही नाही. हॉलंडमध्ये समुद्रकाठच्या वाळूच्या टेकड्यांवर एक गवत असतं. वारा नवीन वाळू आणून टाकतो तोपर्यंत ते जोरात वाढतं. वाळू थांबली की खुरटतं, आणि दुसरं गवत त्याची जागा घेतं. १९९३ मध्ये तिथल्या शास्त्रज्ञांनी दाखवलं की जुन्या वाळूत त्या गवताच्या मुळांचे शत्रू साठलेले असतात, आणि नव्या वाळूत मुळं पसरली की ते त्यांच्यापासून पुढं पळतं. जंगलात, कुरणात झाडांची जागा बदलत राहते. शेतात झाड पळू शकत नाही. त्याला हलवणारे आपण. फेरपालट म्हणजे दुसरं काय? झाडाला पळायची सोय करून देणं.

मग आपण काय केलं? पाटाचं पाणी आलं, साखर कारखाने आले, आणि उसावर ऊस, खोडव्यावर खोडवा सुरू झाला. ज्यांनी ऊस सोडला त्यांनी कांद्यावर कांदा धरला. हेक्टरी आठ-दहा टन पाचट काडी लावून पेटवलं. डीएपी दरवर्षी ओतला. जमिनीत स्फुरद भरपूर झाला की पीक त्या चांगल्या बुरशीला साखर द्यायचं कमी करतं. पगार बंद झाला की मजूर निघून जातात. आणि सगळं झाल्यावर आपण दुकानातून बाटलीतले जिवाणू आणतो. पाचट पेटवलेल्या, शेणखत न बघितलेल्या रानात ती बाटली ओतायची म्हणजे उपाशी घरात पाहुणे सोडायचे. मी बाटलीच्या विरोधात नाही. ट्रायकोडर्मा मीही वापरतो. पण शेणखतात मुरवून, म्हणजे त्याला खायला काहीतरी असतं. खाणं नसेल तर बाटली हा नुसता खर्च आहे.

सरकारी माती तपासणीचंही तसंच. २०१५ पासून मृदा आरोग्य पत्रिका मिळते. बारा गोष्टी तपासतात: नत्र, स्फुरद, पालाश, गंधक, जस्त, लोह, तांबं, मंगल, बोरॉन, सामू, क्षारता आणि सेंद्रिय कर्ब. चांगलं काम आहे, मी दरवेळी करून घेतो. पण माझ्या पेरूच्या रानाची पत्रिका बरी होती! मरणाऱ्या बागेची पत्रिका बरी. कारण त्या बारा रकान्यांत मागची पिकं कोणती होती हा रकाना नाही, मुळावर गाठी आहेत का हाही नाही. सेंद्रिय कर्ब सोडला तर जमीन जिवंत आहे याची त्या कागदाला खबरच नाही. माझं म्हणणं आहे की पत्रिकेवर मागच्या तीन वर्षांच्या पिकांचा एक रकाना असावा. त्याला प्रयोगशाळा लागत नाही, एक ओळ लागते. आणि खत किती टाका हे सांगताना ती ओळ वाचून सांगावं.

आता तुम्ही म्हणाल, आणि धाकटाही हेच म्हणतो, की बेवड सांभाळून पोट भरत नाही. त्याचं शब्दशः म्हणणं असं, "दादा, ज्वारी घेऊन बेवड सुधारेल, पण सोसायटीचा हप्ता ज्वारी भरणार आहे का?"

याला माझ्याकडे सोपं उत्तर नाही, आणि ज्याच्याकडे आहे तो शेतकरी नसावा. २०१७ च्या १ जूनला शेतकऱ्यांचा संप आपल्या पुणतांब्यातून सुरू झाला. दूध, भाजीपाला बंद ठेवला, राज्यभर ते पसरलं. मागण्या कर्जाच्या आणि भावाच्या होत्या, आणि त्या बरोबरच होत्या. शेतकरी बेवड मोडतो तो हौस म्हणून नाही. ज्याला भाव त्याच्यामागे जावं लागतं. कडधान्याला, ज्वारीला धड भाव नसेल तर फेरपालट हा श्रीमंताचा छंद होतो. हे मला मान्य.

पण त्यातली एक गोष्ट आपल्या हातात आहे, तिच्याकडे बोट दाखवतो. खंड. आपल्याकडे आता किती रान एका वर्षाच्या खंडाने जातं बघा. मालक नोकरीला, रान तिसऱ्याकडे. ज्याला पुढच्या वर्षी ते रान मिळेल की नाही माहीत नाही, तो ताग कशाला गाडेल? तो कांदा घेईल, पिळून घेईल आणि जाईल. पुढचा येईल, त्याला मागचं काही माहीत नसेल. मालकाला पैसे मिळाले, दोघांनाही पीक मिळालं, आणि बेवडाचं बिल पुढच्याच्या नावावर. माझं मत स्पष्ट आहे: खंड किमान तीन वर्षांचा असावा, आणि त्यात एक हंगाम कडधान्याचा किंवा हिरवळीच्या खताचा असं ठरवून घ्यावं. मालकांनी त्या हंगामाचा खंड थोडा कमी घ्यावा. रान त्यांचंच आहे, सुधारणार तेही त्यांचंच.

दुसरी गोष्ट नर्सऱ्यांची. फळझाडाचं रोप विकताना मुळं आणि पिशवीतली माती सूत्रकृमीसाठी तपासलेली असल्याचा कागद मागायला आपण सुरुवात केली पाहिजे. एकट्याने मागितलं तर हसतील. गावातल्या पन्नास जणांनी मागितलं तर हसणार नाहीत.

आणि तोपर्यंत आपल्याला करता येईल असं, थोडक्यात:

मुळं उपटून बघायची सवय लावा. कडधान्याच्या मुळावरची रायझोबियमची गाठ मुळाच्या बाजूला चिकटलेली असते, नखाने सहज निघते, फोडली तर आतून गुलाबी. ती चांगली. सूत्रकृमीची गाठ म्हणजे मूळच फुगलेलं असतं, ती वेगळी निघत नाही. या दोन गाठींत गफलत करू नका. मी एका मित्राला सूत्रकृमीच्या गाठी कौतुकाने दाखवताना बघितलंय.

निरोगी पिकाची मुळं जमिनीतच कुजू द्या. कोल्हापूरचे प्र. र. चिपळूणकर हे कितीतरी वर्षं सांगत आलेत, नेरळला चंद्रशेखर भडसावळे भाताच्या रानात तेच करतात. पण रोगट बागेची मुळं मात्र जेवढी निघतील तेवढी काढा. तिथं दयामाया नको.

आणि एक वही करा. गट नंबर, हंगाम, पीक, काय रोग आला. एवढंच. आप्पांच्या डोक्यात ती वही होती. आपल्या डोक्यात मोबाईल आहे, म्हणून कागदावर लिहा.

आता आमच्या बत्तीस गुंठ्यांचं. काल रात्री जेवणं झाल्यावर शेवटी तोड निघाली. पेरू लावायचा, पण तिथं नाही. विहिरीकडच्या पट्ट्यात, जिथं गेली काही वर्षं गहू आणि कांदा झालाय, तिथं वीस गुंठे. त्याआधी त्या मातीचा नमुना राहुरीला सूत्रकृमीसाठी तपासायला द्यायचा, तिथं यावर काम चालतं. रोपं घेताना दर शंभरात दोन-तीन पिशव्या फोडून मुळं बघायची, त्या रोपांचे पैसे गेले तरी चालतील.

जुन्या जागी आता दाट झेंडू. झेंडूची जिवंत मुळं सूत्रकृमीला मारक द्रव्य तयार करतात, पण बांधाला चार झाडं लावून ते होत नाही, सगळं रान भरून दोन-तीन महिने उभा राहावा लागतो. सगळे सूत्रकृमी मरतील असा माझा भ्रम नाही. झेंडू काढून रब्बीत ज्वारी. पुढच्या वर्षी पुन्हा बघू. टोमॅटो, वांगी, भेंडी त्या रानात आणायची नाहीत, हे मी भिंतीवर लिहून ठेवलंय.

धाकटा खूश नाही. दसऱ्याला झेंडूला भाव मिळाला तर थोडा निवळेल. दोन वर्षं त्या तुकड्यातून बागेसारखा पैसा येणार नाही हे खरंच आहे, आणि तो हिशेब त्यालाच ठेवावा लागतो, मला नाही. पण गेल्या तीन-चार वर्षांत वाळणाऱ्या झाडांवर औषधापायी किती घातले तोही हिशेब मी काल त्याच्यापुढं ठेवला. तो बराच वेळ गप्प बसला. मग म्हणाला, "आप्पांना विचारलं असतं तर फुकटात सांगितलं असतं."

तुमच्याकडे पेरू किंवा डाळिंब काढून त्याच जागी परत तेच लावलेलं कुणी असेल तर खरं खरं सांगा, टिकलं का आणि किती वर्षं. फसलेलंही सांगा, लाजू नका. माझी फसलेली बाग मी वर लिहिलीच आहे. आणि तुमच्या भागात कशावर कशाचा बेवड चांगला मानतात तेही लिहा. घरातल्या म्हाताऱ्या माणसांना आजच विचारा.